पत्र वाचणारं पोर

गावाहून पत्र आलं की चाळीतला गिरणी कामगार ते आधी सदऱ्याच्या खिशात ठेवायचा. पाळी सुटल्यावर खोलीवर यायचं, मोरीत हातपाय धुवायचे, आणि मग शेजारच्या बिऱ्हाडातल्या तिसरी-चौथीतल्या एखाद्या पोराला हाक मारायची. पोर गॅलरीत उकिडवं बसून, अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागायचं. पाऊस कसा झाला, गाय व्याली की नाही, भावकीत बांधावरून काय तंटा झाला, मनिऑर्डर कधी पोचली. एखाद्या ओळीशी पोर अडखळायचं, मान वर करून त्या माणसाकडे बघायचं, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच ऐकणाऱ्याला कळायचं की गावाकडं कोणीतरी गेलंय.

गिरणगावातल्या जुन्या माणसांपैकी ज्यांच्याशी म्हणून मी बोललो, त्यांच्या आठवणीत हे पत्र वाचणारं पोर कुठे ना कुठे आहेच. कित्येकदा ते स्वतःच ते पोर होते. मला या आठवणीचं मोल वाटतं ते एका साध्या कारणासाठी. गावात पत्र लिहून देणारा, चाळीत ते वाचणारा आणि ऐकणारा, तिघांची भाषा एकच होती, आणि शाळेत त्या पोराला जी अक्षरं शिकवली होती ती त्याच भाषेची होती. डिलाईल रोडवरच्या सात-आठ वर्षांच्या मुलाचं शिक्षण घराला त्याच दिवशी, त्याच गॅलरीत उपयोगी पडत होतं. हे पोर शाळेपर्यंत पोचलं कसं, याचा इतिहास लांबचा आहे.

मुंबईत शिकवायचं कुठल्या भाषेत, हे भांडण गिरण्यांच्याही आधीचं. 1840 च्या दशकात मुंबई इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी होते. सरकारचा पैसा इंग्रजी शिक्षणावर खर्च व्हावा, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या विरोधात उभे राहिले कर्नल जॉर्ज जर्विस, मराठीत गणिताची पुस्तकं तयार करणारा इंजिनियर, आणि त्यांच्या बाजूला जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. मराठी, पारशी आणि मुसलमान, तिन्ही समाजांतली ही वजनदार माणसं. सामान्य रयतेपर्यंत ज्ञान पोचवायचं असेल तर ते देशी भाषांतूनच पोचेल, हा त्यांचा मुद्दा होता. शंकरशेट स्वतः इंग्रजी उत्तम जाणत होते, म्हणून त्यांच्या शब्दाला जास्त वजन होतं. 1854 च्या वुडच्या खलित्यात उच्च शिक्षण इंग्रजीतून आणि खालचं शिक्षण देशी भाषांतून, अशी वाटणी झाली, आणि प्राथमिक शाळेपुरती मराठीची जागा पक्की झाली.

इथे एक आडवळण घेतो. 1813 मध्ये मुंबईत उतरून इथे मराठी शाळा काढणारे अमेरिकन मिशनरी ज्या बोस्टनच्या संस्थेने पाठवले होते, त्याच संस्थेचं दुसरं पथक 1820 मध्ये प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर उतरलं. त्यांनीही तिथे तेच केलं. स्थानिक भाषेला लिपी बसवली, छापखाना घातला, शाळा उघडल्या. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 1832 चं. हवाई भाषेतलं पहिलं वृत्तपत्र 1834 चं. 1840 मध्ये हवाईच्या राजाने आपल्या भाषेतल्या सार्वजनिक शाळांचा कायदा केला, आणि बघता बघता तिथली बहुतेक प्रजा वाचायला शिकली. त्या काळात दोन्हीकडच्या गोष्टी एकाच पुस्तकातल्या वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. पुढे त्या फाटल्या, त्याकडे मी नंतर येतो.

मुंबईत कागदावर मराठी शाळा होती, पण गिरणीतल्या मुलाला तिथे जायला वेळ नव्हता. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे सात वर्षांचं मूल नऊ तास राबलं तर ते कायदेशीर. 1891 मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर आली आणि चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला सात तास ठरले. या अर्ध्या वेळच्या मुलांना 'हाफटाइमर' म्हणत. साच्याखाली वाकून तुटलेला धागा जोडायला लहान बोटं सोयीची पडतात, म्हणून ती मुलं गिरणीला हवीच असत. आणि घरालाही. मुंबईच्या कामगारांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्याचा, त्याखालोखाल घाटावरचा. एका पगारात इथली खोली आणि तिथलं घर दोन्ही चालवायचं म्हटल्यावर पोराचे दोन पैसे सोडायला कोण तयार होणार?

नामदार गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात मांडलं. मोठं सावध विधेयक होतं ते. स्थानिक संस्थांना वाटलं तर त्यांनी सक्ती करावी, एवढीच मागणी. 1912 च्या मार्चमध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. गोखल्यांच्याच भारत सेवक समाजाचे एक सभासद, नारायण मल्हार जोशी, त्या 1911 सालीच मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी करत होते. कायदा होईल तेव्हा होईल, तोवर कामगाराच्या दाराशी जाऊन शिकवायचं, हा जोशींचा मार्ग. लीगने परळ-लालबाग भागात रात्रशाळा काढल्या, फिरती वाचनालयं चालवली, पुढे परळच्या दामोदर हॉलमध्ये व्याख्यानं, नाटकं, संध्याकाळचे वर्ग असा कामगारांचा राबता सुरू झाला. डिलाईल रोडला आज ज्यांचं नाव आहे ते हेच ना. म. जोशी. बहुतेकांना ते 1920 मध्ये आयटक स्थापन करणारे कामगार पुढारी म्हणून ठाऊक असतात. रात्रशाळेच्या कंदिलाजवळचे जोशी मला तितकेच महत्त्वाचे वाटतात.

रात्रशाळेत येणारा माणूस दिवसभर खात्यात उभा राहून आलेला असे. कपड्यांना रुईचे तंतू चिकटलेले, कानात यंत्रांचा आवाज अजून घुमत असलेला. त्याला घोटून घेऊन शिकवायला सवड नव्हती. अर्ज वाचता यावा, पगाराच्या चिठ्ठीवरची कपात समजावी, अंगठ्याऐवजी सही करता यावी, पतपेढीच्या वहीतला आकडा ताडून बघता यावा. हे सगळं त्याच्या बोलीच्या जवळच्या भाषेत होतं म्हणूनच सहा महिन्यांत साधत होतं. जवळच्या म्हणालो, कारण मालवणी बोलणाऱ्याला किंवा माणदेशी बोलणाऱ्याला पुस्तकी मराठी हीसुद्धा थोडी शिकूनच घ्यावी लागे. 'आमी खय गेललंव' म्हणणारा पोरगा शाळेत 'आम्ही कोठे गेलो होतो' लिहायला शिकला. या अंतराची टिंगल करणारे मास्तरही होते, आणि त्यामुळे शाळा सुटलेली पोरंही होती. तरी ते अंतर शेजारच्या दोन गावांमधलं होतं, चालून जाण्यासारखं.

कायद्याचा मार्गही हळूहळू मोकळा होत होता. 1907 मध्ये शहरातल्या प्राथमिक शिक्षणाची सगळी जबाबदारी मुंबई महापालिकेवर आली होती. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या खटपटीने नगरपालिकांना सक्ती करण्याची मुभा देणारा कायदा झाला, आणि 1920 मध्ये खास मुंबई शहरासाठी वेगळा कायदा. 1922 च्या फॅक्टरी कायद्याने बारा वर्षांखालच्या मुलांना गिरणीचं दार बंद केलं. मग 1925 मध्ये महापालिकेने सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, आणि त्यासाठी शहरातले पहिले दोन वॉर्ड निवडले: एफ आणि जी. म्हणजे परळ, वरळी, डिलाईल रोड, गिरणगावाचा गाभा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पान उघडं ठेवून काही वेळ तसाच बसलो होतो. फोर्ट नाही, मलबार हिल नाही, गिरगावही नाही. मुंबईत सक्तीची मोफत शाळा सर्वांत आधी आली ती कामगारांच्या वस्तीत, आणि ती त्यांच्या मुलांच्या भाषेत आली. जिथे गुजराती, उर्दू किंवा तेलुगू घरं होती तिथे पालिकेने त्या भाषांच्या शाळा चालवल्या. आजही पालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, त्याचं मूळ या जुन्या शिरस्त्यात आहे. शंकरशेटांनी बोर्डात भांडून जो मुद्दा मांडला होता, तो पाऊणशे वर्षांनी कौलारू शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

या शाळेत कोणी कुठे बसायचं, हाही प्रश्न होता. 1923 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. बोले हे 1909 च्या कामगार हितवर्धक सभेचे, गिरणगावातच हाडाची काडं केलेले. पुढच्याच वर्षी दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी बोलावलेल्या सभेतून बहिष्कृत हितकारिणी सभेचा पाया घातला गेला, आणि शिक्षणाचा प्रसार हे तिच्या पहिल्या उद्दिष्टांतलं एक होतं. ठराव झाला म्हणून वर्गातला विटाळ दुसऱ्या दिवशी गेला नाही. पण ज्या शाळेला सक्ती आहे, त्या शाळेला कोणाच्या पोराला दारातून परत पाठवता येत नाही, हे बळ कायद्याने दिलं होतं.

याच वर्षांत डिलाईल रोडवर बीडीडी चाळी उठल्या. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात 1920 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, शिवडी आणि इथे मिळून 207 इमारती बांधल्या. त्यातल्या 32 डिलाईल रोडच्या. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. खोली 160 चौरस फुटांची. अशा अडीच हजार खोल्या चालण्याच्या अंतरात, आणि एकेका खोलीत एक कुटुंब किंवा गाववाल्यांचा अख्खा जथा. अभ्यासाला खोलीत जागाच नसे. मुलं गॅलरीतल्या दिव्याखाली, जिन्यात, मैदानाच्या खांबाखाली वाचत. खालच्या चौकात पाढ्यांचा कोरस चालू असे आणि वरून एखादी आजी चुकलेला पाढा दुरुस्त करी, स्वतःला अक्षर येत नसूनही. बेरीज तिला बाजाराने शिकवली होती.

त्या शाळांनी काय घडवलं, ते पाहायला नारायण सुर्वे पुरेत. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी रस्त्यावर सापडलेलं मूल घरी आणलं, आपलं नाव दिलं आणि महापालिकेच्या शाळेत घातलं. पुढे या मुलाने गिरणीत, हॉटेलात, मिळेल तिथे कामं केली, पालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून घंटा वाजवली, प्रौढ वयात व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली आणि त्याच पालिकेच्या शाळांत शिक्षक म्हणून उभा राहिला. 1962 मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' आलं, 1966 मध्ये 'माझे विद्यापीठ'. शिपाई ते मास्तर ते कवी, हा प्रवास एका भाषेच्या आत झाला. परक्या माध्यमाचा उंबरठा मध्ये असता तर सातवी पास व्हायच्या आधीच तो माणूस अडला असता, असं मला मनापासून वाटतं.

आता ते आडवळण पूर्ण करतो. हवाईत 1893 मध्ये राणी लिलिउओकलानीचं राज्य उलथवलं गेलं, आणि 1896 मध्ये नव्या सत्तेने कायदा केला की शाळा इंग्रजीतूनच चालतील. सरकारी शाळा, खाजगी शाळा, सगळ्या. शाळेच्या आवारात आपली भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. घरात आजी-आजोबा हवाई बोलत, आई-बाप मुलांच्या भल्यासाठी गप्प बसत. दोन-तीन पिढ्यांत शंभरेक वृत्तपत्रांची ती भाषा अशी आटली की 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नासही उरली नव्हती. तेव्हा काही पालक आणि शिक्षक एकत्र आले. न्यूझीलंडच्या माओरींनी भाषेच्या बालवाड्या सुरू केल्या होत्या, तो धडा त्यांनी घेतला. 1984 मध्ये कौआई बेटावर केकाहा या गावी 'पुनाना लेओ' म्हणजे भाषेचं घरटं या नावाची पहिली बालवाडी निघाली. वयोवृद्ध, अस्खलित बोलणारी माणसं तिथे शिकवायला बसली, तर सरकारने त्यांच्याकडे पदव्या मागितल्या. पालकांनी विधिमंडळाचे उंबरे झिजवले. 1986 मध्ये जुनी बंदी उठली, 1987 मध्ये सार्वजनिक शाळांत हवाई माध्यमाचे पहिले वर्ग भरले. 1999 मध्ये चार्टर शाळांचा कायदा झाला: पैसा सरकारी, पण अभ्यास आणि कारभार गावकऱ्यांच्या मंडळाकडे. आपल्याकडच्या अनुदानित शाळेची ती लांबची बहीण म्हणायला हरकत नाही. हिलोजवळच्या एका शाळेला त्यांनी जोसेफ नावाही यांचं नाव दिलं. नावाही हे हवाई भाषेतल्या वृत्तपत्राचे संपादक, आणि ज्या 1896 मध्ये भाषेवर बंदी आली त्याच वर्षी वारलेले.

डिलाईल रोडला जी शाळा 1925 मध्ये फुकट मिळाली, ती मिळवायला हवाईच्या लोकांना नव्वद वर्षं थांबावं लागलं. आणि ज्या वर्षांत ते घरट्यासाठी काड्या गोळा करत होते, नेमक्या त्याच वर्षांत इथलं घरटं विस्कटत होतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने खोलीतली भांडी विकून गेले, मग दागिने, मग बायकापोरांना गावी धाडलं गेलं. गावी गेलेल्या पोरांची नावं मुंबईच्या हजेरीपटावरून कमी झाली. मोठे मुलगे वर्ग सोडून मिळेल त्या कामाला लागले. शाळेच्या इतिहासात या गोष्टीची नोंद सहसा होत नाही. मराठी शाळांची पटसंख्या का घटली, असं विचारलं की लोक थेट इंग्रजीच्या वेडावर येतात. वेड आहेच, पण ते नंतरचं. गिरणगावात आधी शाळेखालची जमीन सरकली. जोवर गिरणी होती तोवर सातवी झालेल्या मुलाला बापाच्या ओळखीने बदली कामगार म्हणून लागता येई. मराठीत शिकलेल्याला मराठीत चालणारं काम होतं, मराठीत चालणारी युनियन होती, मुकादमापासून टाइमकीपरपर्यंत सगळा कारभार तोंडच्या भाषेत होता. गिरण्या बंद झाल्या, 1991 च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनी विक्रीला मोकळ्या केल्या, आणि त्याच आवारांत काचेच्या कचेऱ्या, मॉल आणि हॉटेलं आली. त्या दारांवरच्या सुरक्षारक्षकालाही इंग्रजीत दोन वाक्यं बोलावी लागतात. बापाने हे पाहिलं आणि मुलाला इंग्रजी शाळेत घातलं. त्या बापाला भाषेचा अभिमान नाही, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सरकारने हुकमाने दार बंद करायचा प्रयत्नही एकदा करून पाहिला होता. 1954 च्या जानेवारीत मुंबई राज्याने फर्मान काढलं की इंग्रजी माध्यमाच्या शाळांत ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांनाच, म्हणजे मुख्यतः अँग्लो-इंडियन मुलांना, प्रवेश द्यावा. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलची संस्था कोर्टात गेली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रद्द ठरवला. पालकांच्या मनातली वाट फर्मानाने बुजत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं. 2020 मध्ये राज्याने सर्व शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला, त्याचं मी स्वागतच करतो. मात्र विषय म्हणून आठवड्याला चार-पाच तास मराठी शिकणं वेगळं, आणि भूगोल, बीजगणित, आरोग्य, नागरिकशास्त्र हे सगळं मराठीत समजून घेणं वेगळं.

पालिकेच्या मराठी शाळा 2010 च्या सुमाराला चारशेहून जास्त होत्या. दहा वर्षांत त्या तीनशेच्या खाली आल्या, आणि लाखाच्या घरातली मुलं एक तृतीयांशावर. त्याच इमारतींत आता मुंबई पब्लिक स्कूलचे फलक लागताहेत, इंग्रजी वर्गांना रांगा आहेत. बीडीडी चाळी पाडून तिथे मनोरे उभे राहताहेत. लोअर परळ स्टेशनवरचा डिलाईल पूल 2018 मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला होता, तो 2023 मध्ये पुन्हा पूर्ण खुला झाला. त्यावरून रोज सकाळी कचेऱ्यांकडे जाणारा लोंढा पूर्वीच्या पाळीच्या लोंढ्याएवढाच दाट असतो.

मागे मतदानाच्या दिवशी मी या भागातल्या पालिकेच्या एका शाळेत गेलो होतो. रांग लांब होती, म्हणून एका रिकाम्या वर्गात जाऊन बसलो. बाक इतके बुटके की गुडघे हनुवटीला लागत होते. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, कोपऱ्यात फुटलेल्या कुंडीत तुळस. फळा पुसलेला होता, पण उजव्या कोपऱ्यातली चौकट पुसायची राहिली होती. पट आणि हजर. दोन्ही आकडे वीसच्या आत, वळणदार देवनागरीत, आणि वर तारीख. त्या बाईंनी, किंवा गुरुजींनी, आदल्या दिवशी ते आकडे लिहिताना खडूला जराही घाई केलेली दिसत नव्हती. जवळच्या दुसऱ्या बाकावर कोणीतरी कर्कटकाने एक नाव कोरलं होतं आणि खाली गावाचं नाव, तालुका, जिल्हा रत्नागिरी, पत्रावर लिहितात तसं पूर्ण.